आवरोबा कोणावरून सुचला

दिग्दर्शक बाईंनी खलनायक पुन्हा परत पाठवला. संहितेचे कागद टेबलावरून लेखकाकडे सरकवत त्या म्हणाल्या, "हा नुसता खदाखदा हसतो आणि धमक्या देतो. पोरं याला घाबरणार नाहीत, कंटाळतील. याला स्वतःबद्दल काय वाटतं, ते लिही."

"दुष्ट माणूस आहे तो. त्याला काय वाटणार?"

"आपण चांगले आहोत, असंच वाटणार. घरात, नात्यात असा कोणी असेल बघ. गोड बोलून जीव नकोसा करणारा."

कार्टून मालिकेचं बाकी सगळं जमलं होतं. घोडं पेंड खात होतं ते या खलनायकापाशी. लेखकाने कागद उचलले आणि निघता निघता बाईंच्या टेबलावर वेडेवाकडे पडलेले पेन एका ओळीत लावून दिले. स्वभावच होता त्याचा. कोणाचं काही अडलेलं दिसलं की याचा हात पुढे झालाच.

घरी आला तर बायको काकडी चिरत होती. एक तुकडा जाड, एक बारीक. त्याने तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली आणि सगळी काकडी एकसारखी चिरून दिली. बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली. बिचारी दमली असावी. मग त्याने लेकीचं दप्तर उपसून नीट लावलं. लेकीला पूर्वी पुठ्ठ्याची घरं करायचा नाद होता. भिंती तिरक्या व्हायच्या, मग हा सगळं उकलून काटकोनात चिकटवून द्यायचा. अलीकडे तिने तो नाद सोडला होता. पोरं मोठी होतात, त्याला कोण काय करणार.

दप्तराची चेन लावता लावता बाईंचं बोलणं डोक्यात घोळत होतं, आणि त्याला थोरला भाऊ आठवला.

थोरल्याने त्याचं लहानपण पार आवरून टाकलं होतं. सायकल शिकवताना हँडल कधी सोडलं नाही. चित्र रंगवायला घेतलं की ब्रश काढून घेतला. कधी आवाज चढवला नाही, की हात उगारला नाही. 'तुला नाही जमायचं, दे इकडे,' एवढंच. मोठेपणी त्यावरून एकदा कडाक्याचं वाजलं आणि कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आता कुठे भाऊ रविवारचा घरी येऊ लागला होता. त्यालाच खलनायक करायचं म्हणजे आगीशी खेळ. पण लिहायला बसला आणि हात थांबेचना.

असा आवरोबा जन्माला आला. टेकडीवर राहणारा, मऊ आवाजाचा, कधीही न चिडणारा. गावात कोणाचं काही वाकडं दिसलं की हा धावलाच. बेकरीवाल्याचा पाव असो, शिंप्याचा टाका असो, पोरांचा वाळूचा किल्ला असो. 'दे इकडे,' म्हणायचं आणि काम काढून घ्यायचं. ज्याचं काम घेतलं, त्याचे हात हळूहळू पुसट होत जायचे. शेवटी गाव टापटीप झालं आणि कोणालाच हात उरले नाहीत. आवरोबाला मात्र ते दिसतच नसे. त्याच्या मनात एकच भीती होती: आपली गरज संपली, तर आपल्याजवळ बसेल कोण?

ते वाक्य लिहिताना लेखकाला रडू फुटलं. भावाची इतकी दया त्याला आजवर आली नव्हती.

बाई खूश झाल्या. लेखकाची मात्र झोप उडाली. भावाला मिशा नव्हत्या, म्हणून आवरोबाला झुपकेदार मिशा लावून घेतल्या, तरी धाकधूक जाईना. पहिला भाग लागणार होता तो नेमका रविवारी दुपारी. टीव्ही बिघडलाय, असं सांगावं म्हटलं, तर लेकीने काकाला आधीच फोन करून टाकलेला.

भाऊ आला. दारातच लेखकाने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि त्याला चांगल्या उजेडाच्या खुर्चीत बसवलं. भाग सुरू झाला. बेकरीवाल्याचे हात पुसट होऊ लागले, तेव्हा भावाच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

भाग संपला. भावाने बिस्किट बशीत ठेवलं.

"ओळखलं मी याला. मिशा लावून काय होतंय?"

लेखकाने घाईघाईने बशी सरळ केली. "दादा, माझं चुकलं. रागावू नकोस."

"मी कशाला रागावू? उलट मोकळं वाटलं बघ. तुला हे दिसत असेल, असं मला वाटलंच नव्हतं." भावाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि माणूस वाईट नाही, हे कळतं बघताना. जीव लावायला जातो आणि गळा आवळतो, एवढंच. हे लिहायला काळीज लागतं."

लेखकाच्या जिवात जीव आला. इतक्या वर्षांचं ओझं असं बिस्किटासोबत उतरेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दादाने स्वतःला किती मोठ्या मनाने ओळखलं. बायको तर डोळे पुसत हसत होती. तिला असं हसताना पाहून युगं लोटली होती.

तेवढ्यात लेक आतल्या खोलीत पळाली. पलंगाखाली सरपटून तिने काहीतरी ओढून काढलं आणि धावत येऊन बापाच्या मांडीवर ठेवलं. पुठ्ठ्याचं घर होतं. छप्पर कललेलं, भिंती तिरक्या, खिडकीतून डिंकाचे ओघळ.

"हे मी लपवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "आई म्हणायची, तुला कधी कळायचंच नाही. पण तू तर स्वतःवरच अख्खी मालिका लिहिलीस, बाबा."