शेजारची सीट

वळणावरून अचानक ट्रक पुढे आला आणि मास्तरांचा उजवा पाय गाडीच्या तळावर जोरात दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. नुसतं पायपुसणं होतं. पण गाडी अलगद मंदावली, कडेला झाली आणि ट्रक गुरगुरत निघून गेला.

"अहो, तळ फुटेल गाडीचा," मागून बायको म्हणाली. "मग समुद्रापर्यंत तिघांनी पळतच जायचं."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धं आयुष्य शिकाऊ गाडीत, शेजारच्या सीटवर गेलेलं. त्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा जादा ब्रेक असायचा. शिकणाऱ्याला संकट दिसायच्या आत मास्तर तो दाबून मोकळे. त्यांच्या शेजारी बसून कुणी साधं कुंपणही घासलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आजची गाडी मात्र घरची होती. ब्रेक एकच, आणि तो लेकीच्या पायाखाली.

लेक नर्स. सोमवारपासून तिला डोंगरातल्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. तिथून वाड्यावस्त्यांवर जायचं, रस्ते असेच, गाडी तिनंच चालवायची आणि सोबतीला कुणी नाही. आजवर ती एकटी कधी गाडी घेऊन गेली नव्हती. महिनाभर मास्तर तिला जाऊ द्यायला तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले होते, समुद्रावर जाऊ, घाटात गाडी तू चालव, मग बघू. सुट्टी म्हणायची ती एवढ्यासाठीच.

घाट संपता संपत नव्हता. एका बाजूला ओला काळा कातळ, त्याच्या फटींतून लोंबणारं नेचं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बायको मात्र मागे मांडी घालून मजेत बसली होती. घार दिसली की सांगायची, रानफुलांचा ताटवा दिसला की सांगायची. "बघा तरी, ती घार आपल्या खाली उडतेय," ती म्हणाली, आणि मास्तरांनी मनात हिशेब केला. घार खाली, म्हणजे आपण केवढ्या वर.

तरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. लेक चुकत नव्हती. प्रत्येक वळणावर, बरोबर जिथं त्यांनी ब्रेक लावला असता तिथंच ती लावत होती. ना आधी, ना नंतर. इकडे त्यांचा पाय तळावर पडायचा आणि तिकडे गाडी मंदावायची. हुबेहूब आपला हात, मास्तरांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

"पास केलं की नाही पोरीला?" बायकोनं विचारलं.

"केलं," मास्तर म्हणाले. "सोमवारी जा तू. मी नाही अडवत."

लेकीनं मान हलवली. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

"मग आता त्या पायाला जरा सुट्टी द्या," बायको म्हणाली. "नीट मांडी घाला आणि बाहेर बघा. जन्मात कधी झाड बघितलंय का तुम्ही?"

मास्तरांना हसू आलं. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी ठोकली. खिडकी खाली केली. वारा खारट होता. खाली सुरूच्या झाडांची रांग दिसत होती, तिच्यापलीकडे खाडी, आणि खाडीच्या चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे. किती दिवसांनी ते गाडीत बसून रस्ता सोडून दुसरीकडे बघत होते. त्यांना फार बरं वाटलं. एक बगळा उडाला. त्याच्यामागे त्यांची नजर गेली, आणि नजरेसमोर पांढरा कठडा आला. तो भराभर मोठा होत होता.

गाडी मंदावली नव्हती.

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. मागची चाकं किंचाळली, गाडी आडवी फिरली आणि कठड्याला टेकून थांबली. खडीचे चार दगड पलीकडे गेले. ते खाली पडल्याचा आवाज आला नाही. मागे बायको पुढच्या सीटला घट्ट धरून बसली होती.

"ब्रेक का नाही लावलास?" मास्तरांनी विचारलं.

लेक दरीकडे बघत नव्हती, रस्त्याकडेही नाही. ती बघत होती मास्तरांच्या मांडीकडे.

"तुमचा गुडघा हलला नाही ना, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, रस्ता मोकळा आहे."