पाचव्या कोचचा हार

बास्केटबॉल संघाच्या पाचव्या परदेशी कोचसाठी सहायक कोच साळवेसर हार घेऊन विमानतळावर उभे होते. आधीचे चारही गोरे. नव्याचा फोटो उघडून पाहायची गरज कोणाला? एकेकाला काढलं की संघ हंगामी म्हणून सरांनीच सांभाळायचा. कायम करायची वेळ आली की मालक परदेशात फोन लावणार. “आमचा काळा रंग आडवा येतो,” सर टपरीवर तावातावाने सांगत.

उंचापुरा गोरा दिसताच सर धावले, हार घातला, बॅगही उचलली. गोरा गांगरला, तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला आला होता.

“कोच मी,” मागचा काळाभोर, सव्वासहा फुटी माणूस हसला. “सवय आहे मला.”

संध्याकाळी टपरीवाल्याने विचारलं, “नवा गोरा कसाय, सर?”

“गोरा नाही रे,” सर म्हणाले. “पण मालकांना नावं ठेवायचा माझा धंदा आजपासून बंद.”