दादा जेवायला येतोय

'ये ना दादा. आई रागावली नाहीये. तुझ्या आवडीची कोंबडी करतेय.'

छत्री मान आणि खांद्याच्या मध्ये कशीबशी दाबून चिमणीने मेसेज पाठवला. बोटं ओली, फोन ओला, अर्धे शब्द चुकलेले. जाऊ दे. दादाने वाचलं. उत्तर नाही.

परवा संध्याकाळी असाच धो धो पाऊस होता. त्यांच्या घरच्या गाडीने वळणावर गल्लीतल्या शिंप्याला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. मग बाबांना दादाचा फोन आला. "माझ्या हातून झालं." एवढंच बोलला आणि ठेवला. तेव्हापासून तो मित्राच्या गोदामात लपलेला, गाडीसकट. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत घरी ये, माझ्याबरोबर चौकीत चल. नाहीतर मीच पोलिसांना घरी बोलावतो, मग काय शोधायचं ते शोधू देत.

म्हणून चिमणी सकाळपासून नुसती त्याच्या मागे लागली होती. ये. ये ना. येतोयस ना?

बाजारातून कोंबडी घेऊन ती निघाली, तर वरच्या मजल्यावरच्या मावशींनी शेजारी गाडी थांबवली.

"अगं चिमणे, बस आत! एवढासा जीव, वाहून जाशील गटारात!"

"नको मावशी, चालते मी."

"बस गं, मी काही पेट्रोल मागत नाही तुझ्याकडे."

"नको म्हटलं ना!"

मावशींनी काच वर केली. "बाई बाई, नाकावर केवढा राग!" गाडी पाणी उडवत गेली. चिमणी भिंतीला चिकटून उभी राहिली, गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत.

मग औषधाचं दुकान. आईच्या बीपीच्या गोळ्या. दुकानदार गोळ्या शोधता शोधता म्हणाला, "कळलं का? शिंपी गेला. आज पहाटे. शुद्धीवर आलाच नाही बिचारा."

"मारून पळाला मेला," शेजारची म्हातारी म्हणाली. "हात झडतील त्याचे, बघशील."

"तुझे शाळेचे कपडे तोच शिवायचा ना गं?" दुकानदाराने विचारलं.

चिमणीने मान हलवली. गोळ्या उचलल्या आणि बाहेर आली. छत्री आतच राहिली. पावसात उभं राहून तिने फोन काढला. 'शिंपीकाका' एवढं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं.

'शिंपीकाका बरे आहेत. डोळे उघडले म्हणे. आता तरी ये.'

या वेळी उत्तर लगेच आलं. 'खरंच?'

'खरंच.'

'निघतो.'

घरी पोचली तर आई दारातच. "छत्री कुठंय?"

"विसरले."

"डोकं नाही विसरलीस ते नशीब. बाहेर काही कळलं का गं शिंप्याचं?"

"नाही."

"वाचू दे रे देवा," आई म्हणाली आणि भिंत धरत धरत सोफ्यावर जाऊन बसली. दोन दिवस स्वयंपाक चिमणीकडेच होता. बाबा बातम्या लावायला निघाले, तशी चिमणी स्वयंपाकघरातून ओरडली, "बातम्या नको! आपल्या जुन्या फिल्म लावा ना!"

मग काय, दोघांचं बालपण टीव्हीवर. बाबांनीच काढलेल्या, हललेल्या, अर्ध्या ठिकाणी बाबांचा अंगठा दिसणाऱ्या. दादा सायकल धरून धावतोय, सायकलवर चिमणी. दादाच्या तोंडाला केक. मग एकदम खळ्ळकन आवाज. जमिनीवर फुटलेली कुंडी, आजोबा ओरडतायत "कुणी केलं?" आणि दादा मान खाली घालून हात वर करतोय. दाराच्या कडेला चिमणीच्या फ्रॉकचं टोक तेवढं दिसतंय.

"बघा," बाबा म्हणाले. "तेव्हापासूनच फोडाफोडी. नीट हाणला असता ना, तर आज ही वेळ आली नसती."

"गप्प बसा हो. पोर होतं ते."

"आता आहे का पोर?"

स्वयंपाकघरात चिमणी बराच वेळ नुसतीच कोंबडी ढवळत राहिली.

अंधारून आलं तेव्हा बेल वाजली. दादा. दाढी वाढलेली, अंगाला गोदामाचा कुबट वास. आईने त्याला धरलं ते सोडेचना. बाबा उठले, त्याच्यासमोर उभे राहिले. आता मारतात की काय, असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "आधी पोटभर जेव. मग निघू."

दादा जेवला. खरंच पोटभर जेवला. समोर टीव्हीवर तो स्वतःच नाचत होता.

"काय ध्यान होतो मी!"

"होतास?" आई म्हणाली. हसायला गेली आणि रडायलाच लागली.

"चिमणे, मीठ कमी पडलंय," दादा घाईघाईने म्हणाला. "चौकीतलं याच्यापेक्षा बरं असेल."

बाबा रेनकोट शोधायला आत गेले. आईही डोळे पुसत त्यांच्या मागे गेली. दादाने हात धुतले. चिमणी टॉवेल घेऊन उभी होती. त्याने तिचे हात टॉवेलसकट आपल्या हातांत धरले आणि खाली वाकला.

"शिंपीकाका वाचले, बास. माझं काय व्हायचं ते होऊ दे," तो कुजबुजला. "तू घाबरू नकोस. गाडी खालीच आणलीये. सीट मी मागे सरकवून ठेवलीये, माझ्या मापाची. तू चालवत होतीस हे कुणाला कळायचं नाही."