बोहणी

सव्वानऊ वाजले तसा शिवांजलीनं मोबाइलवर विक्रीचा आकडा टाकला. आजचा अकरावा दिवस. विकणाऱ्यांच्या रकान्यात लाखावर शेअर रांगेत उभे होते. घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.

"लागला का नंबर?" गौरीशंकरअप्पांनी विचारलं.

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर त्यांचं कवड्यांच्या माळांचं दुकान होतं. नवरात्राचा माल भरायचे पैसे त्यांनी भाच्याच्या सांगण्यावरून दोन महिन्यांसाठी शेअरमध्ये घातले होते. घालण्याआधी लेकीला, शिवांजलीला, विचारलं होतं, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती ती. शेअर कधीही विकून पैसे मोकळे करता येतात, असं तिनं सांगितलं. परीक्षेतही तेच लिहिलं, पाचपैकी पाच मिळाले.

"गिऱ्हाईकच न्हाय, अप्पा."

"मग भाव उतरव की. सांजच्याला सुकलेली मेथीबी कुणीतरी नेतंच."

शेअरबाजारात एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त भाव उतरवू देत नाहीत आणि आजचा तेवढा उतरवून झालाय, हे तिनं पुन्हा समजावलं. अप्पांना ते पटेना. माल आपला, भाव आपला, मग मधे अडवणारा कोण? नवरात्र आठवड्यावर आलं होतं, आणि सोलापूरचा व्यापारी रोख हातात पडल्याशिवाय एक गोणी हलवणार नव्हता.

मग अप्पा एकदम म्हणाले, "आज बोहणीच झाली न्हाय अजून. कसं विकंल?"

एक म्हातारी माळेला हात लावून पुढं निघाली होती. अप्पांनी तिला माघारी बोलावलं. माळ दीडशेची. म्हातारीनं चाळीस सांगितले. एरवी अप्पांनी हसून माळ खुंटीला अडकवली असती. आज मुकाट्यानं तिच्या हातात दिली. दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या त्या नोटा त्यांनी कपाळाला लावल्या, मग मोबाइलच्या काचेला.

"आता बघ."

शिवांजलीनं पाहिलं. विकणाऱ्यांचा आकडा आणखी वाढला होता. शून्य जिथल्या तिथं होतं. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते.

"रेंज गेली, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी तिच्या हातून मोबाइल घेतला. पायरी उतरून ते यात्रेकरूंच्या गर्दीत जाऊन उभे राहिले, आणि रेंज यावी म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.