खर्जाची जागा

यशस्विनी पियानो वाजवायची आणि तिचा भाऊ रक्षित बेस गिटार. म्हैसूरच्या हॉटेलांत ही जोडी ठरलेली. जॅझमध्ये साधा शिरस्ता असतो: बेसवाला सोबत असला की पियानोवाल्यानं खर्जातले सूर त्याच्यासाठी सोडायचे. रक्षित अपघातात गेला, तरी तिचा डावा हात ती जागा रिकामीच सोडायचा.

“आता सोबत कुणी नाही,” गोकुलम भागात राहणारे तिचे पियानोचे सर शेवटी वैतागले. “बेस तुलाच डाव्या हातानं वाजवायला हवा. अर्धं गाणं ऐकायला कोण बोलावणार तुला?”

सरांकडे बसून ती बेसची चाल शिकली. घरी वाजवायचा मात्र धीर होईना. एका संध्याकाळी दार लोटून घेतलं आणि दोन्ही हातांनी गाणं पुरं वाजवलं. कुठं म्हणून फट राहिली नाही.

स्वयंपाकघरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेली आई दार उघडून आत आली.

“अय्यो, आज तो आला नाही का गं?”

“कोण?”

“रक्षित. रोज तुझ्याबरोबर वाजवतो की.”

यशस्विनीनं डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आई भिंतीला टेकून ऐकत राहिली. हळूहळू तिचा पाय ठेका धरू लागला.

“आला बघ,” ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला परत गेली.