आधी कातर हुंगू द्यायची
पेडगावचे गोविंदराव देशपांडे जाऊन आज दहावा दिवस. मालक गेला की घोडीची आयाळ उतरवायची, हा घरचा रिवाज. म्हणून लिंबाजी न्हावी आधी परसात घोडीपाशी आला. दर थंडीत तिच्या अंगावरचे वाढलेले केस तोच कातरायचा आणि गोविंदराव तिच्या तोंडाशी उभे राहायचे. आज तिथं त्यांची बायको नर्मदाबाई उभी होती. लिंबाजीनं कातर घोडीच्या नाकापुढं धरली. "मालकांची शिस्त हाय, बाईसाहेब. आधी हुंगू द्यायचं. तिनं मान मागं घेतली की त्या दिवशी कातर लावायची न्हाई. जबरदस्ती केली तर जनावर हिसका देतं अन् पातं कातड्यात घुसतं." घोडीनं कातर हुंगली आणि मान खाली घातली. केसांखाली डावा तळवा सरकवत, कातडीला पातं लागू न देता लिंबाजीनं आयाळ उतरवली. तेवढ्यात नर्मदाबाईच्या थोरल्या दिरांनी, अण्णासाहेबांनी, पाट मांडला. "आता हिचे केस काढ. निजामाचं राज्य असो की आणखी कुणाचं, विधवेचे केस राहिले तर गोविंदाला गती मिळायची नाही." नर्मदाबाई पाटावर बसली. डोक्यावरचा पदर खाली आला. लिंबाजी कातर घेऊन तिच्या मागं गेला, थबकला आणि वळसा घालून पुढं येऊन बसला. त्यानं कातर तिच्या तोंडापुढं धरली आणि वाट पाहिली. पात्याला घोडीचे केस चिकटले होते. नर्मदाबाईनं ते पाहिले आणि सावकाश मान मागं घेतली. लिंबाजीनं कातर धोकटीत टाकली आणि तो उठला. "आज न्हाई, अण्णासाहेब."