डबोल्यांचा धडा

"भीती म्हणजे काय, ते सोहोनींच्या घरात कोणाला ठाऊकच नाही," गच्चीचा जिना चढता चढता अप्पा नातीला सांगत होते. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात 'निर्भय जगा' या विषयावर त्यांचं भाषण होतं, आणि त्यातले सगळे धडे त्यांनी नातीच्या आवडत्या कार्टूनमधल्या डबोले नावाच्या गोलमटोल प्राण्यांकडून उचलले होते. सैल झालेली कवळी जिभेने सावरत ते म्हणाले, "डबोले कधी शेपूट घालतात का?"

"त्यांना शेपूट नसतंच, आजोबा," मिहिका म्हणाली. "पण ह्याला आहे."

वाळत घातलेल्या पापडांवर एक दांडगा वानर बसला होता. मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि मिहिका त्यांच्या लेंग्याला घट्ट चिकटली.

"डबोले आधी डोळ्याला डोळा भिडवतात ना?" ती कुजबुजली.

अप्पांनी डोळा भिडवला. वानर उठून उभा राहिला.

"मग दात दाखवून हसतात."

अप्पांनी डॉक्टरने दिलेले सगळे दात दाखवले. वानरानेही आपले दाखवले. त्याचे सुळे बोटाएवढे होते. तो पुढे झेपावला तशी अप्पांनी अशी बोंब ठोकली, की कवळी उडून पापडांत पडली.

वानर थबकला. त्याने ती उचलली, हुंगली आणि तोंडात घालून पाहिली.

अप्पांपेक्षा त्याला ती घट्ट बसली.